स्टिल्ट पार्किंगमधले ई-स्कूटर चार्जिंग, घरात आणलेली बॅटरी आणि जिन्यातला इन्व्हर्टर : नियम नेमके काय मागतात?

सहचिटणीस (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर मी काम पाहतो. इमारत १९९० च्या दशकातली आहे. खाली स्टिल्ट पार्किंग आणि वर सात मजले. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी एक सामाईक मीटर आणि सभासदांची मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, अशी नेहमीची रचना आहे. संस्थेत ई-स्कूटर वाढू लागल्या तशा लोंबकळणाऱ्या तारा वाढल्या. पहिल्या मजल्यावरचे एक सभासद गॅलरीतून एक्स्टेन्शन खाली सोडून गाडी चार्ज करतात. दुसरे एकजण जिन्याखालच्या सामाईक सॉकेटवर रात्रभर गाडी लावतात आणि त्याचे बिल अर्थातच सर्वांच्या माथी पडते. ज्यांच्या गाडीची बॅटरी काढता येते ते ती लिफ्टने वर नेऊन बाहेरच्या खोलीत, बहुधा मुख्य दाराशेजारच्या सॉकेटवर, चार्जिंगला लावतात. याखेरीज सर्वांत वरच्या मजल्यावरील दोन बिऱ्हाडांनी आपले इन्व्हर्टर आणि त्यांच्या बॅटऱ्या घराबाहेर, जिन्याच्या चौकात ठेवल्या आहेत.

या सगळ्याला कंटाळून समितीतील काही मंडळींनी ‘इमारतीच्या आवारात कोणत्याही विद्युत वाहनाचे चार्जिंग करण्यास मनाई’ असा ठराव तयार केला असून तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाणार आहे. अशी सरसकट बंदी घालता येते का, आणि घालता येत असली तरी ती घालावी का, हे मला समजून घ्यायचे आहे. बंदी घालायची नसेल, तर वायरिंगचे कोणते काम कोणाकडून करून घ्यावे म्हणजे ते नियमांत बसेल, आणि घरात आणलेल्या बॅटरीबद्दल व जिन्यातल्या इन्व्हर्टरबद्दल संस्थेने सभासदांना काय सांगावे, याविषयीही जाणकारांनी लिहावे. मते पुष्कळ ऐकून झाली आहेत, त्यामुळे शक्य तेथे नियमाचा आधार दिला तर सभेत बोलणे सोपे जाईल.

तांब्याची तार

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे, त्यामुळे मीटरपासून सॉकेटपर्यंतच्या भागाबद्दलच लिहितो. बॅटरीच्या आत काय घडते ते इतर कोणी सांगावे.

आधी बंदीविषयी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंग सुविधांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंग करण्यास मुभा असेल आणि वीज वितरण कंपन्यांनी त्यासाठी साहाय्य करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. नंतरच्या सुधारित तत्त्वांतही धोरणाची दिशा तीच राहिली. त्यामुळे सरसकट बंदीचा ठराव धोरणाच्या विरुद्ध जातो आणि एखाद्या सभासदाने दाद मागितली तर त्याचे समर्थन करणे समितीला अवघड होईल. पण माझा खरा आक्षेप कायद्याचा नाही. खाली चार्जिंग बंद केले म्हणून गाड्या विकल्या जाणार नाहीत. बॅटऱ्या वर जातील, आणि आज दोन-चार घरांत असलेला धोका उद्या दहा घरांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसेल. बंदी घालायचीच असेल तर ती एक्स्टेन्शनवर घाला.

याला भक्कम आधार आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठा नियमांत २०१९ च्या दुरुस्तीने विद्युत वाहनांच्या चार्जिंगसंबंधी तरतुदी घातल्या गेल्या आणि २०१० चे ते नियम जाऊन २०२३ चे नवे नियम आले तेव्हा हा विषय त्यांतही कायम राहिला. चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन किंवा जादा जोडतार वापरायची नाही. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे. गाडी उभी केल्यावर तिची जोडणी चार्जिंग बिंदूपासून ५ मीटरच्या आत यावी. प्रत्येक बिंदूला स्वतःचे स्वतंत्र सर्किट असावे, त्यावर अतिप्रवाहापासून संरक्षण असावे आणि ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसलेल्या गळतीला पुरवठा तोडणारे, किमान ‘ए’ प्रकारचे, उपकरण असावे. आणि ते तुटताना फेजबरोबर न्यूट्रलही तुटावा. या तरतुदी चार्जिंग स्थानके डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, हे मान्य. तरीही संस्थेतल्या सभासदाच्या खासगी सॉकेटला वेगळा, सैल मापदंड लावण्याचे काही कारण मला दिसत नाही. पुण्याचा पाऊस वाऱ्याबरोबर स्टिल्टमध्ये आत येतो आणि फरशीवर पाणी साचते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ८०० मिलिमीटरचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

‘ए’ प्रकाराचा आग्रह कशासाठी, तर आपल्या घरांत सर्रास बसवलेले आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारी उपकरणे) ‘एसी’ प्रकारचे असतात आणि ते केवळ प्रत्यावर्ती प्रवाहाची गळती खात्रीने ओळखतात. चार्जरमध्ये एसीचे डीसी होते, त्यामुळे बिघाडाच्या वेळी गळतीचे रूप स्पंदित डीसीचे असू शकते, आणि तेथे हा साधा आरसीसीबी गप्प बसण्याची शक्यता राहते. दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणून स्वस्तातला हातात ठेवतो. खोक्यावरचे चिन्ह तपासून घ्यावे. शिवाय आरसीसीबी केवळ गळती पाहतो, ओव्हरलोड पाहत नाही. म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी, म्हणजे अतिप्रवाह झाला की पुरवठा तोडणारा स्विच, हवा, किंवा दोन्ही कामे करणारा आरसीबीओ बसवावा.

आता गॅलरीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनबद्दल. ई-स्कूटरचा चार्जर साधारण ७५० वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे सव्वातीन अँपिअर. आकडा किरकोळ वाटतो आणि म्हणूनच लोक बेफिकीर राहतात. पण हा प्रवाह सलग चार-पाच तास वाहतो, तोही बारीक तारेतून, सैल पडलेल्या मल्टिप्लगमधून, आणि अनेकदा रीळावरून न सोडलेल्या, गुंडाळलेल्या केबलमधून, जिला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. मी पाहिलेली जळलेली सॉकेट बहुतेक वेळा पिनेपाशी जळलेली असतात, आणि तेथे एमसीबीचा उपयोग होत नाही, कारण सैल जोड तापला म्हणून प्रवाह वाढत नाही. मोटारीचा १५ अँपिअरचा सुटा चार्जर असेल तर हाच प्रकार चौपट गंभीर होतो; तो ३.३ किलोवॉटच्या आसपास खेचतो आणि १६ अँपिअरच्या घरगुती सॉकेटला रात्रभर जवळजवळ पूर्ण क्षमतेवर राबवतो. ते सॉकेट गीझरसाठी ठीक आहे, कारण गीझर पंधरा-वीस मिनिटांत थांबतो.

तुमच्या इमारतीच्या वयाकडे पाहता घराघरांतल्या साध्या पॉइंटची तार दीड चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक असण्याची शक्यता आहे. म्हणून वरच्या घरातून वीज खाली आणण्याचा विचार सोडून द्यावा. सभासदाच्या स्वतःच्या मीटरपासून, मीटर रूममध्येच स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी बसवून, त्याच्या पार्किंगच्या जागेपर्यंत पाइपातून तांब्याची नवी तार न्यावी. स्कूटरला अडीच चौरस मिलिमीटर पुरते. लांबी जास्त असेल किंवा पुढे मोटार येणार असेल तर चार घालावी, कारण मजुरी तेवढीच लागते. अर्थिंगची तार सोबत हवीच, आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध एप्रिल-मेमध्ये मोजावा. पावसाळ्यात तो सगळ्यांचाच चांगला येतो. वीज सभासदाच्या मीटरवर गेली की बिलाचा वादही संपतो.

काम कोणाकडून, याचे उत्तर त्याच नियमांत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता नवी मांडणी किंवा तीत वाढ करण्याचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचे असते. इमारतीतल्या नेहमीच्या वायरमनचा हात कितीही साफ असला तरी नवे सर्किट त्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकू नये.

पाचवा मजला

वरील प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, परंतु ज्यांच्याकडे ई-वाहन नाही अशा रहिवाशांनी हा धोका का पत्करावा, याचे उत्तर त्यात मिळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला इमारतीच्या खालच्या भागातल्या ई-स्कूटर विक्रीच्या जागेत आग लागली आणि वरच्या हॉटेलात उतरलेले आठ लोक मृत्युमुखी पडले. त्यांचा त्या स्कूटरशी काहीही संबंध नव्हता. जिन्यातून वर चढणाऱ्या धुराने त्यांना गाठले. आमच्याही इमारतीत एकच जिना आहे आणि तो सरळ स्टिल्टमध्ये उतरतो. उद्या रात्री दोन वाजता खाली गाडी पेटली तर आम्ही कोठून बाहेर पडायचे? नवे सर्किट टाकल्याने बॅटरीतला दोष नाहीसा होत नाही. माझ्या मते बंदीच योग्य आहे.

अग्निरेषा

‘पाचवा मजला’ यांची भीती अवाजवी नाही आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अग्निसुरक्षेच्या कामात असल्यामुळे मला त्यांच्या प्रतिसादातले ‘एकच जिना’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पण त्यातून निघणारा निष्कर्ष बंदीचा नाही, जागेचा आहे. जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडाशी, मीटर रूमला लागून, किंवा गॅस बँकेजवळ चार्जिंगला परवानगी देऊ नये; आवाराच्या भिंतीकडची, वरून किंवा बाजूने मोकळी असलेली जागा त्यासाठी ठरवावी, मग त्यासाठी दोन-तीन सभासदांना पार्किंगच्या जागा आपसांत बदलाव्या लागल्या तरी चालेल. जिन्याखालचे ते सामाईक सॉकेट मात्र सभेची वाट न पाहता आजच बंद करावे. पेटलेल्या गाडीसाठी इमारतीतली त्याहून वाईट जागा दुसरी नाही.

बॅटरी वर नेल्याने धोका कमी होतो, असे मानणाऱ्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये वसईला घडलेली घटना आठवावी. तेथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा नंतर रुग्णालयात दगावला. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथेही घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने रात्री पेट घेतला आणि बाप-लेक दोघेही गेले.

कायद्याविषयी थोडे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेच्या उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर, म्हणजे संस्थेच्या बाबतीत पर्यायाने समितीवर येते. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाप्राप्त अभिकरणाकडून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला सादर करायचे असते. अनेक संस्थांत ते केवळ सही-शिक्क्याचे काम झाले आहे. तुमच्या संस्थेने या वेळी अभिकरणाच्या माणसाला प्रत्यक्ष स्टिल्टमध्ये फिरवावे आणि चार्जिंगच्या जागा त्याला दाखवून त्याचे म्हणणे लेखी घ्यावे.

जिन्यातल्या इन्व्हर्टरबाबत चर्चेची गरजच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुटकेचा मार्ग पूर्ण मोकळा हवा. चपलांचे कपाट, सायकल, कुंड्या यांनाही तोच नियम आहे, पण इन्व्हर्टरची गोष्ट आणखी वेगळी, कारण तो अडथळा असतानाच आगीचे मूळही होऊ शकतो. संस्थेने लेखी सूचना देऊन ठरावीक मुदतीत तो घरात घ्यायला सांगावे.

धन-ऋण

इन्व्हर्टर घरात घ्या म्हटले की लोक तो बंद कपाटात किंवा पोटमाळ्यावर कोंबतात, म्हणून हे लिहितो आहे. साध्या ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. त्यामुळे अशी बॅटरी खेळत्या हवेत, उदाहरणार्थ सुक्या गॅलरीत, ठेवावी. देवघराखालच्या कपाटात मुळीच नको, कारण तेथे वर समई तेवत असते. दुसरी गोष्ट टर्मिनलची. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८५० वॉटचा भार चालवायचा तर ८० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि एवढ्या प्रवाहाला टर्मिनलवरचा सैल नट किंवा साचलेला पांढरा-हिरवा थर पुरेसा तापवतो. पाणी भरायला येणारा माणूस नट आवळून जातो की नाही, हे उभे राहून पाहावे.

आता लिथियम बॅटरी. २०२२ मधल्या आगींनंतर केंद्राने चौकशी केली आणि दुचाकींसारख्या विद्युत वाहनांच्या सुरक्षेसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा करून ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. सेलमध्ये पुरेसे अंतर, आतला दाब बाहेर सोडण्याची वाट, पाणी आत न जाणारे वेष्टन, बॅटरीवर देखरेख ठेवणारी अधिक सक्षम यंत्रणा, सेल अनियंत्रित तापू लागल्यास आगाऊ इशारा, अशा मागण्या त्यातून आल्या. म्हणून गाडी या तारखांच्या आधीची की नंतरची, ही माहिती संस्थेने सभासदांकडून नोंदवहीत घ्यावी. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. त्यांच्या बाबतीत बॅटरी कोठून आली याची चौकशी अधिकच बारकाईने करावी, कारण गल्लीतल्या दुकानात जुने सेल जोडून तयार केलेल्या बॅटऱ्या याच गाड्यांत जास्त सापडतात.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे चार्जर. ‘४८ व्होल्ट’ एवढेच पाहून शेजाऱ्याचा चार्जर लावणे किती धोक्याचे आहे, ते आकड्यांत पाहा. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या १३ सेलच्या मालिकेला ‘४८ व्होल्ट’ म्हणतात आणि तिचे पूर्ण चार्जिंग ५४.६ व्होल्टला संपते, म्हणजे दर सेलला ४.२ व्होल्ट. लोह-फॉस्फेट प्रकारच्या १६ सेलच्या मालिकेलाही बाजारात ‘४८ व्होल्ट’च म्हणतात, पण तिचा चार्जर ५८.४ व्होल्टपर्यंत जातो. हा दुसरा चार्जर पहिल्या बॅटरीला लावला आणि तिच्यातली संरक्षक यंत्रणा खराब किंवा बनावट असली, तर दर सेलवर जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. अतिचार्ज झालेला सेल तापून फुटण्याची ही सरळ वाट आहे. गाडीसोबत आलेला चार्जर बिघडला तर कंपनीचाच घ्यावा, महाग पडला तरी.

बॅटरी घरात आणण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ती दार आणि झोपण्याची जागा सोडून, पलंग-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवावी. जागे असताना चार्ज करावी. गाडी चालवून आल्यावर ती निवू द्यावी. आणि फुगलेली, आपटलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी कधीच चार्जिंगला लावू नये. ती वेगळी ठेवून विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पांढरा धूर, गोडसर-उग्र वास किंवा फुसफुसण्याचा आवाज आला तर विझवण्याच्या फंदात न पडता दार ओढून घेऊन सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा. कोरड्या पावडरचे अग्निशामक वरची ज्वाला दडपते, पण आतले सेल तापतच राहतात आणि आग पुन्हा उसळते. ते थंड करायला भरपूर पाणी लागते, जे अग्निशमन दलाकडे असते.

सहचिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंदीच्या ठरावाऐवजी जागा, स्वतंत्र सर्किट आणि एक्स्टेन्शनला मनाई असा मसुदा करतो आहे. एक शंका उरते. सध्या बारा स्कूटर आहेत आणि उद्या त्या वाढतील. प्रत्येकाने आपल्या मीटरवरून वीज घेतली तरी इमारतीत येणारी मुख्य केबल एकच आहे. ती पुरेल का? शिवाय काही घरांत आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून वायरमनने तो ‘बायपास’ करून दिला आहे, असे नुकतेच कानावर आले. त्याचे काय करावे?

तांब्याची तार

बारा स्कूटर एकाच वेळी लावल्या तरी भार ९ किलोवॉटच्या आसपास जातो. तीन फेजवर सारखा वाटला तर तो मोठा नाही, पण संध्याकाळी सात ते दहा या वेळात एसी, गीझर आणि पंपाच्या वर तो पडू देऊ नये. सभासदांना रात्री अकरानंतर चार्जिंग करायला सांगण्याचा मोह होईल, परंतु ‘धन-ऋण’ यांनी घरातल्या बॅटरीसाठी ‘जागे असताना’ म्हटले आहे ते लक्षात ठेवून, रात्रीची वेळ केवळ खालच्या मोकळ्या जागेपुरती ठेवावी. मोटारी येऊ लागल्या की हिशेब बदलेल. तेव्हा महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागावा, किंवा चार्जिंगसाठी संस्थेच्या नावे स्वतंत्र जोडणी घेऊन प्रत्येक बिंदूला उपमीटर लावावा. तसा अर्ज करण्यापूर्वी मुख्य केबलवरचा प्रवाह आठवडाभर संध्याकाळी क्लॅम्प मीटरने मोजून तिन्ही फेजचे आकडे लिहून ठेवा. ‘पुरेल का’ याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.

आरसीसीबी पडण्याचे कारण बहुतेक घरांत इन्व्हर्टरच असतो. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरच्या आणि मुख्य सर्किटच्या न्यूट्रल तारा एकत्र बांधलेल्या असतात, त्यामुळे आरसीसीबीतून गेलेला प्रवाह त्यातून परत येत नाही आणि ते बिचारे यंत्र त्याला गळती समजते. उपाय न्यूट्रल वेगळे करण्याचा आहे. तो अर्ध्या दिवसाच्या कामाचा आहे आणि कंटाळवाणा आहे, म्हणून बायपास होतो. ज्या घरात आरसीसीबी बायपास केलेला आहे त्या घराच्या मीटरवरून खाली चार्जिंगचे सर्किट देऊ नये, अशी अट तुमच्या मसुद्यात घाला. काम संपल्यावर ठेकेदाराकडून प्रत्येक सर्किटचा चाचणी अहवाल घ्यावा. त्यात ५०० व्होल्टच्या मेगरने एक मिनिट मोजलेला इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओम, अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबी प्रत्यक्षात किती मिलिअँपिअरला तुटला, हे तिन्ही आकडे असावेत. नुसते ‘ठीक आहे’ लिहिलेला अहवाल आणि बिल, दोन्ही परत पाठवावे.